पार्सलराव मध्ये उभे राहतात

घरातला जुना फोन काढून टाकायचा, हा निर्णय पार्सलरावांनी दाढी करता करता घेतला. आयुष्यातले सगळे मोठे निर्णय ते दाढी करतानाच घेत (आणि म्हणूनच त्यांच्या हनुवटीवर नेहमी कापसाचा एक बोळा चिकटलेला असे). निर्णय तसा साधा होता. फोन कित्येक दिवस नुसता खरखरत होता. उचलला की आत कुणीतरी बसून वाळू चाळतंय असं वाटे. तो काढायचा आणि इंटरनेटवर चालणारा बिनतारी फोन आणायचा, एवढंच.

एवढ्यानं जे काय झालं, ते पाहता माणसानं दाढी वाढवलेलीच बरी.

पार्सलराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. काचेची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात ते पाठवणी विभागाचे मुख्य कारकून होते. पेला असो, बरणी असो की दिव्याची काच, ती भुशात नीट झोपवायची, खोकं बंद करायचं, वर पत्ता आणि नंबर टाकायचा, रवाना करायचं आणि पोचपावती येईपर्यंत जीव टांगणीला लावून बसायचं, हा त्यांचा धंदा. घरीही तोच खाक्या. गावाला जाताना चपलासुद्धा ते कागदात गुंडाळून बॅगेत भरत आणि बॅगेवर 'ही बाजू वर' असं लिहीत. लग्नानंतर पहिल्याच भेटीत मेव्हणीनं, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीनं, हे पाहिलं आणि 'पार्सलराव' हे नाव ठेवून मोकळी झाली. बारशाला ठेवलेलं नाव त्यानंतर कुणाला आठवलंच नाही.

फोन आणला लेकीनं. ती एका बँकेच्या संगणक विभागात होती आणि बापाला काहीही समजावताना खुर्चीत मांडी घालून बसायची, कारण वेळ लागणार हे तिला ठाऊक असे.

"घरात इंटरनेट येतं तो डबा आहे ना बाबा, तुमच्या झोपायच्या खोलीत, कपाटावर? राउटर. हा फोन त्याच्याशी हवेतून बोलणार. तारबीर काही नाही."

"म्हणजे आपला आवाज हवेतून उडत जाणार?"

"आवाज नाही. आवाजाचे तुकडे."

"तुकडे?"

"तुम्ही बोलता ना, त्याचे हा फोन बारीक बारीक तुकडे करतो. एकेक तुकडा पाकिटात घालतो. पाकिटावर पत्ता टाकतो, नंबर टाकतो आणि सोडून देतो. समोरचा फोन ती पाकिटं उघडतो, नंबराप्रमाणे लावतो आणि ऐकवतो."

पार्सलरावांच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत गेला होता, तो तिथंच थांबला. गेली कित्येक वर्षं आपण जे करतो तेच हा तळहाताएवढा फोन करतो, आणि तेही आवाजाचं!

"किती पाकिटं होतात?"

"सेकंदाला पन्नास धरा."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांच्या विभागात दुपारपर्यंत पन्नास खोकी बाहेर पडली तर साहेब स्वतःहून खाली येऊन पाठ थोपटत. इथं 'अगं, दूध उतू गेलं' म्हणेपर्यंत शंभरावर पाकिटं बांधून, नंबर घालून, समुद्रापार!

"आणि पोचपावती?" त्यांनी व्यवसायातला मुख्य प्रश्न विचारला.

"नसते."

"नसते म्हणजे? रस्त्यात एखादं हरवलं तर?"

"हरवलं तर हरवलं. आपल्या घरात, फोनपासून डब्यापर्यंत, नाही पोचलं तर पुन्हा पाठवून बघतो. पण एकदा बाहेर पडलं की गेलं. मागून पाठवून उपयोग काय? तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं."

"आणि फुटलं तर?"

"थोडंसं फुटलं तर कळतही नाही. आजूबाजूचे तुकडे बघून फोन मधली फट आपणच भरून काढतो."

पार्सलरावांच्या अंगावर काटा आला. पेल्याचा टवका हरवला तर उरलेला पेला पाहून टवका आपोआप उगवावा, असं स्वप्न त्यांना एकदा खरोखर पडलं होतं. ते स्वप्न इथं घरात, कपाटावर, हिरवा दिवा मिचकावत बसलं होतं आणि आपण रोज त्याच्याखालून बनियन शोधत होतो!

त्या दिवसापासून घरातल्या हवेकडे बघण्याची त्यांची नजरच बदलली. खोल्यांमधल्या बोळातून जाताना ते अंग चोरून जाऊ लागले. न जाणो, कुणाचं तरी बोलणं चाललं असेल आणि आपला धक्का लागायचा.

फोन बसवला, पण चाचणी करायची कुणाला फोन करून? पार्सलरावांना लांबचं कुणीतरी हवं होतं. समोरच्या घरात फोन लावून काय चमत्कार दिसणार? लांबचं असं त्यांच्या माहितीत एकच माणूस होतं, आणि ते नाव त्या घरात गेली दोन वर्षं निघालेलं नव्हतं.

ताई. नाव ठेवणारी ती मेव्हणी. समुद्रापार एका शाळेत शिकवायची.

या दोघी बहिणींची एक गंमत होती, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला गंमत. दोघी बोलत एकाच वेळी. एकीनं वाक्य सुरू केलं की दुसरी ते मध्येच तोडून आपलं जोडायची, मग पहिली त्याच्यावर चढवायची. त्यांची आई म्हणायची, "तुम्ही दोघी बोला गं, ऐकायला मी शेजारीण बोलावते." आई होती तोवर निभावलं. आई गेल्यावर तिचं शिलाई मशीन धाकटीकडे आलं, ही बातमी ताईला तिसऱ्याच कुणाकडून कळली. त्यावर दोघी फोनवर तासभर बोलल्या, अर्थात एकदम, आणि शेवटी दोन्ही रिसीव्हर एकाच वेळी आपटले गेले. त्यानंतर सगळं बंद. पार्सलरावांची बायको आजही कधी कधी भांडी विसळताना पुटपुटायची, "मशीन आईनं मला..." आणि थांबायची. पुढचं वाक्य पार्सलरावांनीही कधी ऐकलं नव्हतं. मशीनचा विषय निघाला की त्यांना कारखान्यातलं काहीतरी आठवायचं.

आता ताई नोकरीतून निवृत्त व्हायची होती. ती एकटीच. तिथंच मुलाच्या गावी घर घ्यायचं की इकडे परत यायचं, हे तिचं ठरत नव्हतं, असं नातेवाइकांकडून कानावर आलं होतं. आणि पार्सलरावांच्याच इमारतीत तळमजल्यावरचं घर रिकामं होतं. बायको त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. पण एकदा जिना उतरताना पार्सलरावांनी तिला पाहिलं होतं. तळमजल्याच्या खिडकीशी उभी राहून ती वितीनं पडद्याचं माप घेत होती. त्यांना पाहिल्यावर म्हणाली, "पाल होती." पार्सलरावांनी मान डोलावली आणि पालीचं माप विचारलं नाही.

तर रविवारी सकाळी त्यांनी फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं मात्र, त्यांचा सगळा धीर सुटला आणि त्यांनी स्पीकर लावलेला फोन तसाच बायकोच्या हातात कोंबला. ती स्वयंपाकघरात खिडकीशी बसून शेंगा सोलत होती.

"कोण आहे?"

"बघ तरी!"

"हॅलो?" ती म्हणाली. पलीकडे शांतता. मग "धाकटे?" असा आवाज आला. दोघी एकदम बोलल्या, दोघी एकदम थांबल्या. पुन्हा एकदम बोलल्या, पुन्हा थांबल्या.

"तू बोल," बायको म्हणाली.

शांतता. "नाही, तू बोल," ताई म्हणाली.

पार्सलराव दारात उभे राहून तोंडात बोट घालून पाहत होते. बायको एक वाक्य बोलायची आणि थांबायची. मग श्वासभर काहीच नाही. मग ताईचं उत्तर, सावकाश. पुन्हा श्वासभर काही नाही. जन्मात पहिल्यांदा या दोघी आळीपाळीनं बोलत होत्या.

फोन ठेवला तेव्हा बायकोचे डोळे भरले होते. "ताई बदलली हो," ती म्हणाली. "मी बोलत होते ना, तर ती गप्प राहिली. माझं पुरं झाल्यावर क्षणभर विचार केला, आणि मग बोलली. मला वाटलं, रडतेय की काय."

नंतर ताईनं पार्सलरावांना वेगळा निरोप धाडला: धाकटी किती शहाणी झाली! आता ऐकून घेते!

पार्सलराव इतके हरखले, की त्यांनी कपाटावरच्या डब्यावरची धूळ आपल्या हातानं पुसली. मग दर रविवारी फोन होऊ लागला. तळमजल्याचं घरही बोलण्यात आलं. "खिडक्या मोठ्या आहेत," बायको म्हणाली, आणि श्वासभरानं ताईनं विचारलं, "उजेड येतो का गं सकाळचा?" घरमालकाला महिनाअखेरपर्यंत होय की नाही कळवायचं होतं. त्या दिवशी बायकोनं जेवताना दोनदा गाणं गुणगुणलं, आणि पार्सलरावांना ते इतकं बरं वाटलं, की भाजीत मीठ नाही हे त्यांनी सांगितलंच नाही.

आता इथं शहाण्या माणसानं स्वस्थ बसायचं. पण सुखाचा जीव दुःखात घालण्याची कला काही घराण्यांत पिढीजात असते.

पार्सलरावांना तो श्वासभराचा उशीर खुपू लागला. माल पोचतोय, पण उशिरा पोचतोय! पाठवणी विभागाच्या माणसाला हे कसं सोसावं? त्यांनी लेकीला विचारलं. ती प्रशिक्षणासाठी दुसऱ्या गावी गेली होती.

"अहो बाबा, डबा लोखंडी कपाटावर आहे. आई बसते स्वयंपाकघरात. मध्ये कपाट, आरसा, दोन भिंती आणि पाण्याची टाकी. पाकिटं अडतात, पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात, मागेपुढे पोचतात. मग ताईमावशीचा फोन सगळी जमेपर्यंत थांबतो, ओळीत लावतो आणि मग ऐकवतो. म्हणून उशीर."

घोडं इथं पेंड खात होतं तर! बायकोला चकित करायचं असं पार्सलरावांनी ठरवलं आणि ती बाहेर गेल्यावर संशोधनाला लागले. पद्धत त्यांची स्वतःची होती. नव्या फोनवरून आपल्याच मोबाइलला फोन लावायचा, एक या कानाला, एक त्या कानाला, आणि घरभर फिरायचं.

"हॅलो," ते उजव्या फोनमध्ये म्हणाले.

एक श्वास गेला. "हॅलो," ते स्वतःच डाव्या कानात म्हणाले.

पार्सलराव गहिवरले. हा मघाचा मी! मी पुढे आलो आणि तो आत्ता पोचतोय. त्यांनी त्याची विचारपूस केली. "बरं आहे ना?" थोड्या वेळानं डाव्या कानात कुणीतरी मायेनं विचारलं, "बरं आहे ना?" आणि त्यांच्या तोंडून आपसूक गेलं, "बरं आहे. तुमचं?"

ते न्हाणीघरात उभे राहून दोन्ही कानांना फोन लावून स्वतःची खुशाली विचारत असताना बायको परतली.

"कोणाशी बोलताय?"

"माझ्याशी."

"मग दोन फोन कशाला?" असं म्हणून ती पिशवी घेऊन आत गेली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला फार थोड्या गोष्टींचं आश्चर्य वाटत असे.

संशोधनाचा निष्कर्ष असा निघाला, की डबा बोळातल्या फळीवर, स्वयंपाकघराच्या दाराच्या बरोबर समोर हवा. विजेची कामं करणारा माणूस आला. त्यानं तार बोळात आणली, भिंतीत खिळ्यांनी पक्की केली. "ही जास्तीची तार उरलीय, गुंडाळून ठेवू?" त्यानं विचारलं. "कापून टाका," पार्सलराव म्हणाले. "घरात गुंता नको." नीटनेटकेपणा त्यांच्या रक्तात होता. (पुढे याच रक्ताचं पाणी झालं.)

पुन्हा चाचणी घेतली. "हॅलो" म्हटलं की "हॅलो"! तोंड मिटायच्या आत! मघाचा मी आणि आत्ताचा मी यांच्यात बोटभरही अंतर उरलं नव्हतं. पार्सलरावांनी त्या डब्याला मनोमन हात जोडले.

रविवार उजाडला. बायकोनं फोन लावला.

"अगबाई, किती स्वच्छ येतंय! शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी वाटतेस!"

"हो ना, मी पण तेच म्हण..."

"तुझी तब्येत कशी..."

"थांब, माझं होऊ दे. मी काय म्हणत होते, ते खालचं घर..."

"घराचं मी सांगते तुला. मुलगा म्हणतो..."

"अगं, मला बोलू तर दे!"

"तूच बोलतेयस सगळं! लहानपणापासून तेच! मशीनचंही..."

"मशीनचं मध्ये कुठून आलं? मशीन आईनं मला..."

"तुलाच दिलं, माहीत आहे मला! जगाला माहीत आहे! मला सोडून सगळ्यांना..."

"तू ऐकून घेशील तर..."

"दोन वर्षं ऐकतेच आहे! नाही येत मी तिकडे! त्या मालकाला सांग, दुसरं गिऱ्हाईक बघ म्हणावं!"

बोळात पार्सलराव अभिनंदन स्वीकारण्यासाठी उभे होते. फोन ठेवल्याचा आवाज आला. मग स्वयंपाकघराचं दार लागलं, आणि ते दार त्या घरात कधीच लावलं जात नसे.

बराच वेळ ते त्या दाराशी उभे राहिले. आतून नळाचा आवाज येत होता आणि नळाखाली भांडी नव्हती, हे त्यांना ऐकू येत होतं. शेवटी बायको बाहेर आली. नाक लाल झालं होतं. "बदलली नव्हतीच ती," एवढंच ती म्हणाली. पार्सलरावांना वाटलं, आपण एक काचेचा पेला इतके दिवस भुशात सांभाळला आणि 'वेळेत पोचवतो' म्हणून भुसाच काढून टाकला.

त्यांनी जिन्यात जाऊन लेकीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली, मग म्हणाली,

"बाबा, तो उशीर होता म्हणून त्यांचं जमत होतं. दोघींना वाटत होतं, समोरची ऐकून घेतेय. डबा परत कपाटावर ठेवा."

"तार कापली."

"का?"

"गुंता नको म्हणून."

लेकीनं फोनवर टाकलेला सुस्कारा सेकंदाला पन्नास पाकिटांच्या हिशेबानं अखंड पोचला.

"मग डब्याला आडवं काहीतरी घाला," ती म्हणाली. "लोखंड, आरसा, नाहीतर पाणी. पाणी तर उत्तम. माणूससुद्धा चालतो बाबा, माणूस म्हणजे बहुतेक पाणीच."

पार्सलराव पुन्हा दोन फोन घेऊन कामाला लागले. फळीवर डब्यासमोर त्यांनी स्टीलचं मोठं ताट उभं केलं. मघाचा मी थोडासा मागे पडला. दुसरं ताट लावलं, स्टुलावर पाण्यानं भरलेल्या बादल्या रचल्या. आणखी थोडा. मग थकून त्यांनी तिथंच फळीला टेकून घाम पुसला, तशी त्यांची सुप्रसिद्ध ढेरी डब्यावर टेकली, आणि डाव्या कानात मघाचा घाम पुसणारा पार्सलराव "हुश्श" म्हणाला तो पुरता एक श्वास उशिरा. पार्सलराव थक्क झाले. ज्या पोटाला घरातले, दारातले, शिंपीसुद्धा नावं ठेवत, त्याच्यापुढे पोलाद फिकं पडलं होतं!

महिना संपत आला होता. घरमालक जिन्यात भेटला की घसा खाकरायचा. ताई फोन करीना आणि धाकटीही करीना. शेवटी रविवारी पार्सलरावांनी स्वतःच फोन लावला. "ताई, एकदाच बोला. मागच्या खेपेला फोनात दोष होता," ते म्हणाले (आणि हे शब्दशः खरं होतं). मग स्वयंपाकघरात जाऊन स्पीकर लावून फोन बायकोच्या हाती दिला, धावत बोळात आले, बादल्यांसकट स्टूल बाजूला ढकललं आणि डब्याला कवेत घेऊन उभे राहिले.

"बोल, काय म्हणणं आहे तुझं?" फोनमधून ताईचा खणखणीत आवाज आला.

"माझं काय म्हणणं असणार? तूच मागच्या..."

"मी काय..."

दोघी एकमेकींवर आदळल्या. दोघी थांबल्या. श्वासभर काही नाही.

"तू बोल," बायको ताठ आवाजात म्हणाली.

श्वासभरानं ताई म्हणाली, "बोल तूच."

पार्सलरावांना नीट ऐकू येईना म्हणून ते अर्धं पाऊल डावीकडे सरकले. लगेच आवाज चढले. "तुझं नेहमीचंच..." "माझं? आणि तुझं गं?" ते घाईघाईनं परत मध्ये आले. आवाज उतरले. पुन्हा जरा उजवीकडे झाले, तर पुन्हा ठिणगी. मध्ये आले की विझली! पार्सलरावांना कळून चुकलं, की दोन बहिणींची माया या क्षणी आपल्या पोटाच्या तंतोतंत मागे आहे. त्यांनी श्वास रोखला. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली होती, पण नाक खाजवायला हात काढला असता तर घर मोडलं असतं.

आत बायको म्हणाली, "ताई, एक वाक्य पुरं करू देशील?"

उत्तर यायला वेळ होता. तिनं ती शांतता होकार म्हणून घेतली.

"मशीन आईनं मला दिलं नव्हतंच. थोरली परत येईपर्यंत सांभाळ, असं म्हणाली होती. मी सांभाळतेय. शिवत नाही त्याच्यावर काही. नुसतं तेल घालते."

पार्सलरावांनी हे वाक्य आज पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. त्यांना ते मशीन आठवलं, खोलीच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली. त्यावर आपण कितीदा टोपी ठेवली, आणि हे झाकलंय कशाला असं एकदाही विचारलं नाही.

पलीकडून काही आलं नाही. एक श्वास गेला, दोन गेले. हा उशीर आपला की काय, म्हणून पार्सलराव हळूच बाजूला सरकले. शांतता तशीच. बादल्यांपलीकडे, दारापर्यंत मागे गेले. तरी शांतताच. हा उशीर त्यांचा नव्हता. डब्यावर हिरवा दिवा भराभरा लुकलुकत होता, पाकिटं जात होती, येत होती, सेकंदाला पन्नास, प्रत्येकावर नंबर, प्रत्येकावर पत्ता, आणि सगळ्यांत मिळून फक्त एका बाईचं न बोलणं भरलेलं होतं. इतकं जड पार्सल पार्सलरावांनी आयुष्यात रवाना केलं नव्हतं. त्यांचे डोळे वाहू लागले आणि ते पळत परत डब्यापाशी आले.

"धाकटे," ताईचा आवाज आला, चिरका. "आईच्या मशीनचा तो खुळा पट्टा अजून घसरतो का गं?"

"घसरतो."

"मग तुला नाही जमायचं ते. मलाच यावं लागेल."

पुढच्या रविवारी बायकोनं हात पुसले, फोन उचलला, आणि मागे न बघता म्हणाली, "अहो, उभे राहताय ना?"

पार्सलराव आ वासून पाहत राहिले. तिनं सगळं ओळखलं होतं आणि ओठही हलवले नव्हते. ते निमूटपणे जाऊन डब्याला बिलगले.

ताई आली. सामान तळमजल्यावर लागलं, खिडकीला पडदे चढले (माप बरोबर बसलं), मशीन खाली नेलं. त्याला पार्सलरावांनी भुसा, पुठ्ठा आणि 'ही बाजू वर' अशी चिठ्ठी लावली, अंतर एका जिन्याचं असलं तरी. संध्याकाळी सगळी ताईच्या नव्या घरात चहाला बसली. लेकही आली होती. दोघी बहिणी कोचावर एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या आणि पार्सलराव कृतार्थ मनानं समोरच्या स्टुलावरून पाहत होते.

"मशीन खिडकीशी ठेवू या," ताई म्हणाली.

"खिडकीशी ऊन लागेल, दाराशी..."

"दाराशी वारा येतो. पट्टा..."

"पट्ट्याचं मला सांगू नकोस, मी दोन वर्षं..."

"दोन वर्षं तेल घातलंस म्हणून..."

"मला बोलू देशील का?"

लेकीनं बापाकडे पाहिलं. इथं ना डबा, ना कपाट, ना भिंत. दोघींच्या मध्ये हवासुद्धा नव्हती. पार्सलराव उठले आणि दोघींच्या बरोबर मध्ये कोचावर जाऊन बसले. कोच करकरला. ढेरीपलीकडून बहिणीचं तोंड दिसेना, म्हणून दोघींना पुढे वाकावं लागलं, आणि वाकता वाकता दोघी गप्प झाल्या.

"तू बोल," बायको म्हणाली.

"नाही, तू बोल," ताई म्हणाली.

पार्सलराव थक्क होऊन बसून राहिले. बिनतारीत बिनतारी म्हणतात ती ही! आपण इतके गुणाचे आहोत याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"पार्सलराव," ताई कुरकुरली, "हे काय मध्येच येऊन बसलात? जरा सरका की."

"असू देत गं ताई," बायको म्हणाली. "लग्न झाल्यापासून बघतेय. त्यांना काहीही सांगितलं तरी पोचायला एवढाच वेळ लागतो."

ताई हसली, लेक हसली, बायको तर डोळे पुसेपर्यंत हसली. मग पार्सलरावही हसले. सगळ्यांचं हसून झाल्यावर.